नऊ नावांची हजेरी

१

गलबतावर दुपारी बाराला हजेरी होते. सूर्य डोक्यावर आला की तांडेलाने कागद काढायचा, एकेक नाव मोठ्याने वाचायचं आणि समोरच्याने 'हजर' म्हणायचं. यात डोकं चालवण्यासारखं काही नाही. मी जन्मात हजारभर तरी हजेऱ्या घेतल्या असतील. त्यातल्या तीन चुकल्या. तिन्ही एकाच गलबतावर.

हल्ली बंदरावरच्या दुकानात बसून लोक म्हणतात, तुम्ही चाचेच होता की हो. तोंड आवरा म्हणावं. चाचा कुणालाही लुटतो. आमच्याकडे स्पेनशी लढणाऱ्या आमच्या प्रजासत्ताकाचा शिक्क्याचा परवाना होता. आम्ही फक्त स्पेनच्या राजाची गलबतं धरायचो, आणि धरलेलं गलबत जसंच्या तसं हुआन ग्रिएगो बंदरातल्या न्यायाधीशापुढे नेऊन उभं करायचो. तो 'कायदेशीर' म्हणेपर्यंत आतल्या सुतळीच्या तोड्यालाही हात लावायचा नाही. लावला की परवाना गेला. परवाना गेला की मग मात्र आपण चाचे, आणि गळ्यात फास.

मी निकासियो, मार्गारिता बेटावरचा. पाद्र्याने मला दोन वर्षं अक्षरं शिकवली, मग तो कंटाळला. तरी 'ब्राव्हा' गलबतावर वाचता येणारा खलाशी मी एकटाच. म्हणून धरलेलं गलबत घरी न्यायचं काम नेहमी माझ्या माथी.

'पालोमा' आम्हाला भर समुद्रात सापडली. दोन डोलकाठ्या, शिडं अर्धी उतरवलेली, सुकाणूवर कुणी नाही. डेकवर एक म्हातारा पंप मारत होता. आम्ही पंधरा जण तलवारी घेऊन उड्या मारल्या तरी तो थांबला नाही.

"बाकीचे कुठे?" आमच्या कप्तानाने विचारलं.

"गेले," म्हातारा म्हणाला.

होडीची जागा रिकामी होती. "पळाले भेकड," कप्तान म्हणाला, आणि तेवढ्यात वरून टेहळ्या ओरडला की उत्तरेला युद्धनौकेची शिडं दिसतायत. मग एकच धावपळ. लेखनिकाने गलबताच्या पोटाचं झाकण बंद करवलं, फटीवर मेण ओतलं, मोहर दाबली. कप्तानाच्या खोलीतून 'पालोमा'चाच खलाशांचा कागद आणून माझ्या हातात कोंबला. "नऊ नावं आहेत. हा म्हातारा त्यातला सारंग रिएरा, साक्षीला लागेल. रोज हजेरी घे. कोर्टात शपथेवर विचारतात." आणि 'ब्राव्हा' त्या युद्धनौकेला आपल्या पाठलागाला लावून निघून गेली.

मागे उरलो आम्ही तिघं आणि तो म्हातारा. मी. तिबुर्सियो, आमचा आचारी. हात चालायच्या आधी तोंड चालणारा. आणि सिरियाको, माझ्या बहिणीचा, मिकाएलाचा नवरा. घरी मी त्याला चिडवायला जावईबापू म्हणायचो. तो मोती काढणारा पाणबुड्या. शिंपले काय वेचतोस, पुरुषासारखा गलबतावर ये, असे टोमणे वर्षभर मारून मीच त्याला आणला होता. निघालो तेव्हा मिकाएलाला सातवा महिना. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, रिकाम्या हाताने आलास तरी चालेल. याला आण."

२

पहिल्या दुपारी मी कागद उघडला. हुकूम होता म्हणून नऊच्या नऊ नावं वाचायची ठरवली. जो आहे त्याच्यापुढे रेघ. जो पळाला त्याच्यापुढे काही नाही.

"साल्व्हादोर मास!" अक्षरावर बोट ठेवून वाचलं. अर्थात कुणी नाही.

"मार्ती कोल!"

"जरा जोरात हाक मारा तांडेल," मागून तिबुर्सियो म्हणाला. "तीन बेटं ओलांडून गेले असतील ते. ऐकू नको का जायला?"

"तू चुलीकडे बघ. जेरोनी व्हिदाल! ओनोफ्रे पुइग!"

"हजर," म्हातारा म्हणाला.

मी रेघ मारली आणि पुढे गेलो. शेवटचं नाव आलं तेव्हा थांबलो.

"बार्तोमेऊ रिएरा, सारंग!"

 म्हातारा समुद्राकडे बघत बसला होता.

"ए म्हातारबा. सारंग तूच ना?"

"हो."

"मग रिएरा तूच की."

त्याने बराच वेळ विचार केला. "असेन," म्हणाला.

"असेन म्हणजे? स्वतःचं नाव ठाऊक नाही तुला?"

"तुमच्या कागदावर आहे ना? मग झालं."

ऊन लागलंय, मी म्हटलं. बारा-पंधरा दिवस एकट्याने काढले की माणूस असाच होतो. रेघ खोडून दुसरीकडे मारली आणि कागद खिशात घातला. वारा नव्हता. समुद्र तेलासारखा पडला होता. प्रवाह आम्हाला पश्चिमेला नेत होता तेवढाच.

३

'पालोमा' खाली गळत होती. फार नाही, पण न थांबता. पंपाला झोपाळ्यासारखे दोन बाजूंना दोन दांडे; एक खाली गेला की दुसरा वर. दोन माणसांचं काम. एकटा माणूस मारू शकतो, पण तासाभरात त्याचे खांदे उतरतात. पाणी किती साठलंय ते बघायला दोरीला बांधलेला लोखंडी गज. गज खाली सोडायचा, ओला किती झाला बघायचं.

हजेरीच्या आधी गज दोन वीत ओला निघाला होता. जेवून मारू म्हटलं.

मी सुकाणूवर बसून कसाव्याच्या कंदाची भाकरी आणि खारा मासा खात होतो. म्हातारा माझ्या पायाशी. मधे स्वयंपाकाची खोली असल्यामुळे मला पंप दिसत नाही. आवाज मात्र येतो. घुटक, घळ. घुटक, घळ. मी मनात म्हटलं, पोरगा कामाचा आहे, जेवण टाकून लागला.

मग वर बघितलं तर सिरियाको डोलकाठीवर पाय सोडून फाटलेलं शीड शिवत होता.

"तिबुर्सियो!" मी ओरडलो. "आज सूर्य कुठे उगवला? न सांगता पंप मारतोस?"

तो स्वयंपाकाच्या खोलीतून हातातला झारा घेऊन बाहेर आला. "कोण, मी? मी मासा तळतोय. पंपाला हात लावीन असं माझ्या आईलासुद्धा कधी वाटलं नाही."

आवाज थांबला होता. आम्ही दोघं जाऊन बघून आलो. पंपाजवळ कुणी नव्हतं. तोंडातून पाणी गळत होतं. मी गज सोडला. अंगठ्याएवढा ओला निघाला.

"आटलं असेल," तिबुर्सियो म्हणाला.

"समुद्र आटतो होय रे?"

म्हाताऱ्याकडे बघितलं. तो माझं ताट पुसून खात होता.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी दोर.

आमच्या बेटावर दोर सूर्य फिरतो तसा गुंडाळतात. बाप शिकवतो, उलटा गुंडाळला तर कानाखाली वाजवतो. पुढे हाताला दुसरं जमतच नाही. त्या सकाळी 'पालोमा'वरचे सगळे दोर, नाळेपासून मागच्या टोकापर्यंत, नीटनेटके वेटोळे करून खुंट्यांना टांगलेले होते. सगळे उलटे.

मी म्हाताऱ्याची मान धरली. "तुझं काम हे. आमच्या पाठीमागे चाळे करतोस?"

"माझे गुडघे बघितलेत का तुम्ही, तांडेल?" तो म्हणाला. "वीस दोर गुंडाळीन मी?"

तरी त्याला नांगराच्या रहाटाला साखळीने बांधला. पायात कडी, कुलपाची किल्ली माझ्या गळ्यात. आम्ही तिघांनी सगळे दोर सरळ करून घेतले. बारा वाजता हजेरी घेतली, नऊच्या नऊ. म्हातारा परत पुइगच्या नावालाच 'हजर' म्हणाला. मी वाद घातला नाही. मग दुपारभर आम्ही शिडाच्या सावलीत एकमेकांवर नजर ठेवून बसलो, आणि तीन वाजता उठून बघतो तर दोर उलटे.

मी फार देवभोळा नाही. मला वाटलं, खाली माणसं लपली आहेत. घाईत आम्ही पोट तपासलंच नव्हतं. आठ जण झाकणाखाली बसलेत, कुठून तरी वर येतात, आणि एक दिवस आमचे गळे कापतील. हे मला बरं वाटलं. गळे कापणारी माणसं मला समजतात.

झाकणापाशी गेलो. मेण जसंच्या तसं. त्यात लेखनिकाची मोहर, आणि घाईत त्याच्या बाहीचा एक निळा धागा चिकटला होता. तो धागासुद्धा जागेवर.

"एक फळी उचकटू," तिबुर्सियो कुजबुजला. त्याची मस्करी संपली होती. "नुसतं बघू."

"आणि कोर्टात काय सांगू? तिबुर्सियोला भीती वाटली म्हणून उघडलं? त्यापेक्षा आत्ताच दोर घे आणि गळ्यात घाल. उलटा गुंडाळलेलाच घे, तयार आहे."

मी पालथा पडून झाकणाला कान लावला. आत पाणी इकडून तिकडे जात होतं. श्वास नाही, खोकला नाही, लाकडावर नख नाही. बराच वेळ ऐकलं.

मग माझ्या पाठीमागे, उजेडात, पंप चालू झाला.

मी उठून वळेपर्यंत किती वेळ लागला असेल? दांडे थांबत होते. एक वर, एक खाली, अजून थोडे हलत. लाटेने हलले, मी स्वतःला सांगितलं. मग समुद्राकडे बघितलं. त्यात आमच्या डोलकाठ्या आरशात दिसाव्यात तशा दिसत होत्या.

५

तिसऱ्या दिवशी मी सिरियाकोला पंपावर लावला. म्हटलं, आपलं माणूस तिथे उभं असलं तर दुसरं कुणी येणार नाही. अक्कल माझी.

तो सकाळपासून मारत होता. मी दर थोड्या वेळाने जाऊन बघायचो. तो एका दांड्यावर, समोरचा दांडा आपोआप वरखाली होतोय. तो तर होणारच, पंपच तसा. पण एकटा मारणारा माणूस प्रत्येक वेळी अंग टाकतो. सिरियाको अंग टाकत नव्हता. दोघं मारतात तेव्हा जसे हात सैल असतात तसे त्याचे हात सैल होते. अंगावर घाम नव्हता.

"जावईबापू, बस कर. पाणी पी."

तो थांबला नाही.

"सिरियाको!"

तरी नाही. मी खांद्याला हात लावला तेव्हा दचकलो. ऊन इतकं, की डेकवर डांबर वितळत होतं, आणि खांदा ओल्या दगडासारखा गार. त्याने माझ्याकडे बघितलं आणि हसला, कामाला आलेल्या नव्या माणसाकडे बघून हसतात तसा.

मग जवळ पडलेला दोर उचलला आणि गुंडाळला. उलटा. हात जराही अडखळला नाही.

बारा वाजले. मला कागद काढायचा नव्हता. पण तीस वर्षांची सवय, आणि कोर्टाची शपथ. वाचायला लागलो.

"गास्पार बोनेत!"

"हजर," सिरियाको म्हणाला.

तिबुर्सियो हसला. नंतर त्याने सिरियाकोचं तोंड बघितलं आणि झारा खाली ठेवला.

"मस्करी पुरे," मी म्हटलं. "तुझं नाव काय?"

"वाचलंत ना आत्ता."

"तुझ्या बायकोचं नाव काय, सिरियाको?"

त्याने खरंच आठवायचा प्रयत्न केला. कपाळाला आठी पडली. मग माझ्या हातातल्या कागदाकडे बोट केलं.

"त्यात नाही ते," म्हणाला, आणि पंपाकडे गेला.

६

मी रहाटापाशी जाऊन म्हाताऱ्यासमोर बसलो. 

"बाकीचे पळाले नाहीत," मी म्हटलं.

"मी कुठे म्हटलं पळाले? गेले म्हटलं. ताप होता. होडी वादळात गेली, ती वेगळी."

"आठही?"

"कप्तान पहिला. नावं खोडायचं काम त्याचं, आणि तोच आधी गेला. मग कुणी खोडली नाहीत. मी एकेकाला शिडाच्या कापडात शिवला आणि सोडला." तो बोटांची नखं बघत होता. "मग पंप होता, आणि मी एकटा. तीन दिवस मारला. चौथ्या दिवशी हात वर जाईनात. दुपार झाली. कागद समोर होता. हजेरी घेतली. सवय, दुसरं काय. माणसाचा आवाज ऐकावा, स्वतःचा का होईना."

"आणि?"

"आणि पंप चालला."

"तू बघितलंस काही?"

"मी वळून बघितलं नाही. तुम्ही पण बघू नका. पंप चाललाय ना? गलबत तरंगतंय ना?"

"आणि तू पुइगच्या नावाला 'हजर' का म्हणतोस?"

आता त्याच्या डोळ्यांत भीती दिसली, आणि ती बघून मला त्याच्याबद्दल पहिल्यांदाच माया वाटली. "मला कुणी हाक मारत नव्हतं हो," तो म्हणाला. "सगळ्यांना मी मारत होतो. मला कोण मारणार? मग एकदा तोंडातून गेलं. रांगेत एक जागा होती. उभं राहिलं की कामाचा भार कमी लागतो. सोपं जातं."

"सिरियाको सुटेल का त्यातून?"

"मला विचारता? मी सुटलोय का?"

७

आमच्या हुआन ग्रिएगोला एक रीत आहे. गलबत परत आलं तरी कुणी आपला आपण खाली उतरत नाही. तांडेल कठड्यापाशी उभा राहतो, नाव घेतो आणि म्हणतो, "काम फिटलं, उतर." मग तो माणूस शिडीच्या दोराला धरून खाली होडीत उतरतो. नाव घ्यायचं राहिलं म्हणून एकजण दिवसभर बंदरात गलबतावर बसून राहिलेला मी बघितला आहे, आणि कुणी त्याला हसलं नव्हतं. कामाला हाक मारून बोलावलं तर हाक मारूनच सोडायचं असतं. मी बोलावलं होतं. तीन दुपारी, आठ माणसांना. सोडलं एकालाही नव्हतं.

चौथ्या सकाळी वारा आला आणि दुपारच्या आधी तेस्तिगोसची बेटं दिसली. तिथून घर वाऱ्यावर एका दिवसाच्या आत.

आजच्या हजेरीला त्यांना सोडणार, असं सांगितलं तेव्हा तिबुर्सियो हबकला. "घरी पोचल्यावर सोडा त्यांना! तांडेल, पाय धरतो. पंप कोण मारणार? आपण बुडू."

"आपण मारू. तू, मी, म्हातारा."

"आणि नाही जमलं तर?"

"उद्यापर्यंत सिरियाको कोण असेल, सांग मला. मी मिकाएलाच्या दारात कुणाला नेऊन उभा करू, गास्पार बोनेतला?"

तो आत गेला, भाकरी भाजत होती त्या चुलीवर पाणी ओतलं आणि बाह्या सरसावून आला.

बारा वाजता पंप आपोआप थांबला. हजेरीची वेळ त्यांना ठाऊक होती.

डेक तव्यासारखा तापला होता. बादलीभर पाणी ओतलं तर वाफ होऊन जाईल इतका. आणि कठड्याजवळ, एका ओळीत, माणसामाणसाच्या अंतरावर, ओले डाग होते. मी मोजले. सात डाग, आणि आठव्या जागी सिरियाको अनवाणी उभा. त्याच्या पायाखालीही ओलं. डाग वाळत नव्हते. माझ्या देखत एकाची कड किंचित सरकली, एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतल्यासारखी.

मी शिडीचा दोर बाहेर सोडला आणि कागद काढला.  आमच्या बेटाला सांभाळणाऱ्या व्हायेच्या मातेचं नाव घेतलं आणि वाचायला लागलो.

"साल्व्हादोर मास. काम फिटलं. उतर."

काही नाही. वारा. मग कठड्याला बांधलेला दोर ताणला गेला. करकरला. खाली उतरणाऱ्या माणसाच्या वजनाने ताणतो तितकाच, दर पायरीला एक हिसका. मग सैल पडला. खाली पाण्यात आवाज झाला नाही. ओळीतला पहिला डाग वाळून गेला.

तिबुर्सियोने डोळे मिटले होते. मी मिटू शकत नव्हतो, वाचायचं होतं.

मार्ती कोल. जेरोनी व्हिदाल. दोर ताणला, सैल पडला.

"ओनोफ्रे पुइग. काम फिटलं. उतर."

मागे साखळी खणखणली. म्हातारा रहाटापासून उठून कठड्याकडे निघाला होता, डोळे सताड उघडे. साखळीने त्याला पालथा पाडला. तो हातांनी डेक ओरबाडत होता. इकडे दोर ताणला गेला, पायरी पायरीने हिसके बसले, आणि सैल पडला. म्हातारा तिथेच पडून ओक्साबोक्शी रडायला लागला. मी थांबलो नाही. आणखी तीन नावं. कागदावर सोडायचं एकच उरलं, आणि ओळीत एकटा सिरियाको.

मी नाव घ्यायच्या आधीच त्याने कठड्यावर पाय टाकला.

कागद दातात धरून मी त्याच्यावर झेप घेतली. छातीभोवती दोन्ही हातांची मिठी मारली. तो आमच्या दोघांपेक्षा ताकदवान होता आणि बर्फासारखा गार. तिबुर्सियो, जो आयुष्यात कधी कामाला पुढे झाला नाही, त्याने त्याच्या पायांना विळखा घातला आणि ओरडला, "म्हणा तांडेल, म्हणा, माझे हात सुटतायत!"

"गास्पार बोनेत!" कागद तोंडातून पडला. "काम फिटलं! तू उतर! तुझं काम फिटलं, बाबा, जा!"

सिरियाकोचे दोन्ही हात माझ्या मिठीत होते. तरी आमच्यापासून हातभर अंतरावर दोर ताणला गेला. तेवढ्या जवळून मी एवढंच बघितलं: दोरावर, वरच्या बाजूला, चार ठिकाणी तंतू दबले होते. बोटं आवळल्यासारखे. मग दबलेली जागा खाली गेली, आणखी खाली, कठड्याच्या पलीकडे. दोर सैल पडला. वाऱ्यावर हलायला लागला, नुसता दोर हलतो तसा.

मी सोडलं नाही. किती वेळ गेला ठाऊक नाही. मग माझ्या हातांखालचं अंग गरम लागलं. घाम फुटला होता त्याला. तो एका पायावर, मग दुसऱ्या पायावर नाचायला लागला.

"दादा," सिरियाको म्हणाला. "सोड की. पाय भाजतायत."

८

कागद उचलून आठ नावं खोडली आणि लगेच गज सोडला. दीड वीत.

त्यानंतर पंप आम्ही मारला. म्हाताऱ्याची साखळी काढली आणि त्याला सुकाणूवर बसवला; आम्ही तिघं आळीपाळीने दांड्यावर. देवा, किती जड होता तो पंप! प्रत्येक वेळी अंग टाकावं लागत होतं. हाताची सालं निघाली, पाणी वाढतच गेलं, तिबुर्सियो मला, माझ्या बापाला आणि प्रजासत्ताकाला शिव्या देत होता, आणि त्या शिव्या मला कानाला इतक्या गोड लागत होत्या की मी त्याला थांबवलं नाही. सिरियाकोला तीन दिवसांतलं फारसं आठवत नव्हतं. "कुणीतरी समोर होतं," एवढंच म्हणाला. "चांगला मारत होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी 'पालोमा' कठड्यापर्यंत बुडालेली, हुआन ग्रिएगोच्या वाळूत नाक खुपसून थांबली. मोहर शाबूत. निळा धागा शाबूत.

न्यायाधीशाने कागद बघितला. "आठ नावं कुणी खोडली?"

"मी. माणसं उतरवली."

"कुठे?"

"तेस्तिगोसच्या अलीकडे."

"त्या बेटांवर?"

"अलीकडे," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं, आणि पुढे काही विचारलं नाही. मग साक्षीदाराला हाक मारली. "बार्तोमेऊ रिएरा!"

म्हातारा माझ्या शेजारी उभा होता. 

"हजर," म्हणाला. आणि हळूच, स्वतःशीच, पुन्हा एकदा, "हजर."

९

मिकाएलाच्या दारापर्यंत मी तिच्या नवऱ्याला दंडाला धरून नेलं. वाटेत त्याच्याशी बोललो नाही, त्याचं नावही घेतलं नाही. माझ्या तोंडची हाक हजेरीची; ओ त्याने तिच्या हाकेला द्यायला हवी होती.

कुंपणाचं दार वाजलं तशी ती आतून म्हणाली, "दादा? पावलं तुझीच. एकटाच आलास?"

मी दंडावरची पकड घट्ट केली.

"सिरियाको?"

तो स्वतःच्या पायांकडे बघत होता. तळव्यांना फोड आले होते. मी एक, दोन, तीन मोजलं. चार.

"सिरियाको!" आता तिचा आवाज चिरका झाला.

"आलो गं," तो म्हणाला. "ओरडतेस काय, दारात तर उभा आहे. दादाने दंड धरलाय, सोडतच नाही."

ती बाहेर आली, पोट सावरत, आणि मग जे झालं ते मी बघितलं नाही, तोंड फिरवलं. जरा वेळाने त्याने अंगणात पडलेला शेळीचा दोर उचलला. सवयीने, बोलता बोलता. गुंडाळायला लागला. मी श्वास धरून बघत राहिलो.

सरळ. सूर्य फिरतो तसा.

तेव्हा कुठे मी खाली बसलो.